हरवलेली रेषा



परवा माझी पुतणी वही घेऊन आली. अकरावीत आहे. चेहरा अगदी रडवेला! "काका, सगळं बरोबर केलं, तरी उत्तर अर्धंच येतंय."

गणित असं होतं : (२, ३) या बिंदूतून जाणाऱ्या आणि य = क्ष या रेषेशी ४५° चा कोन करणाऱ्या रेषांची समीकरणे काढा.

रीत तिला पाठ होती. हव्या असलेल्या रेषेचा चढ म आणि दिलेल्या रेषेचा चढ न मानला, तर (म − न) ÷ (१ + म × न) म्हणजे कोनाचा टॅन. चिन्ह अधिक किंवा वजा. इथे न = १ आणि टॅन ४५° = १. म्हणून,

(म − १) ÷ (म + १) = १ किंवा −१

−१ घेतला, की म = ०. रेषा आडवी, य = ३. छान! पण १ घेतला, की म − १ = म + १, म्हणजे −१ = १! "काहीतरी चुकलं," असं म्हणून बाईसाहेबांनी ती ओळच खोडून टाकली होती.

मी विचारलं, "आकृती कुठंय?" आकृती काढलीच नव्हती!

मग आलेखाचा कागद घेतला. य = क्ष ही रेषा क्ष-अक्षाशी ४५° कोन करते. तिच्या दिशेपासून ४५° एका बाजूला वळलं, तर आडवी रेषा मिळते. दुसऱ्या बाजूला वळलं, तर? सरळ उभी! (२, ३) मधून जाणारी उभी रेषा म्हणजे क्ष = २. सापडली हरवलेली रेषा!

सूत्राला ती का दिसली नाही? उभ्या रेषेचा चढ काढताना शून्याने भागावं लागतं, म्हणून तिला चढच नसतो. जो 'म' नाहीच, तो सापडणार कसा? तेव्हा −१ = १ ही चूक नव्हती. सूत्र सांगत होतं, "चढ असलेली दुसरी रेषा नाही, उभी रेषा तपासून बघ."

देकार्त या फ्रेंच गणितज्ञाने १६३७ साली आपल्या पुस्तकात बीजगणित आणि भूमिती यांची जोडी जमवली. मग त्यातल्या एकाला घरी ठेवून कसं चालेल? म्हणून आधी आकृती, मग सूत्र!

आता तुमची पाळी. (१, ४) मधून जाणाऱ्या आणि य = √३ क्ष या रेषेशी ३०° कोन करणाऱ्या दोन्ही रेषा शोधा. आई-बाबांनाही बसवा सोबत. उत्तर पुढच्या अंकात!