घोकंपट्टी म्हणे!

"हल्ली बुद्धिबळात राहिलंय काय? ओपनिंग कॉम्प्युटरवरून पाठ करायची आणि पटावर ओकायची!" हे ऐकलं की माझं डोकंच सटकतं. बोलणारेही बहुतेक आपलेच, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारे. पाठांतराचा वैताग बॉबी फिशरलाही होताच. म्हणून १९९६ साली त्याने मागच्या रांगेतली मोहरी सोडत काढून मांडायचा खेळ आणला; मांडणीचे ९६० प्रकार. मजेदार आहे, जरूर खेळा. पण म्हणून नेहमीच्या ओपनिंगची तयारी म्हणजे घोकंपट्टी? हॅ!

बॉन, ऑक्टोबर २००८. जगज्जेतेपदाचा सामना, आनंद विरुद्ध क्रॅमनिक, तिसरा डाव. ओपनिंग मेरान, आनंदकडे काळी मोहरी. चौदाव्या चालीला तो उंट बी७ वर ठेवतो आणि बी५ चं प्यादं खुशाल देऊन टाकतो. बदल्यात काय, तर उंटाला लांबलचक तिरकी रेघ आणि हत्तीला मोकळी जी-पट्टी. दोन्हींचा रोख पांढऱ्या राजावर. स्वतःचा राजा मात्र मधेच, उघड्यावर! असलं काही खेळायला आधी सुचावं लागतं राव. कॉम्प्युटर विचारलं तेवढं सांगतो. विचारायचं काय, आणि समोर क्रॅमनिक असताना ही जोखीम घ्यायची का, हे आनंद आणि त्याच्या साथीदारांनी (नील्सन, गांगुली, कासिमझानोव्ह, वोयताशेक) महिनोनमहिने बसून ठरवलं होतं.

स्पर्धेतली काही पोरं पंधरा चाली धडाधड खेळतात आणि सोळाव्या चालीला छताकडे बघत बसतात, हे खरंय. पण तो दोष चालीमागचं 'का' न सांगणाऱ्या कोचचा. दुसऱ्याचा कोड न वाचता चिकटवणारे आपल्याकडे काय कमी आहेत? त्यासाठी कोणी प्रोग्रॅमिंगला शिव्या देत नाही.

खरं दुखणं वेगळंच आहे. कॉलेजात न वाचता पास होणारा तो हुशार, आणि रात्री जागणारा तो घासू. तेच आता आपण आनंदला लावतोय!

असो. तिसरा डाव आनंदने जिंकला. पाचव्यात क्रॅमनिक पुन्हा त्याच वाटेने आला, तर आनंदने पंधरावी चालच बदलली: हत्ती जी८. २९व्या चालीला क्रॅमनिकने घोड्याने डी४ चं प्यादं खाल्लं, आणि पाच चालींनंतर आनंदचा घोडा ई३ वर येऊन बसला. पुढच्याच चालीला डाव खलास.

तो ई३ चा घोडा कुठल्या पानावरून पाठ केला होता, सांगा बघू?