प्रवासात मी पाणी प्यायले



अमेरिकेत एकटीने गाडी चालवत गेले असं सांगितलं की समोरची बाई हमखास म्हणते, "बाई गं, केवढं धाडस तुझं!" सुरुवातीला बरं वाटायचं. आता त्या शब्दाचा राग येतो. तो का येतो ते सांगण्यासाठी त्या प्रवासाचा फक्त पहिला दिवस तुमच्यासमोर ठेवते.

न्यू जर्सीत एडिसनला भाचीकडे उतरले होते. तिथून शिकागोला मैत्रिणीकडे जायचं होतं. पहिला मुक्काम सेनेका फॉल्सला, अंतर सुमारे पावणेतीनशे मैल. भाचेजावई भला माणूस. म्हणाला, "मावशी, एकट्या कशाला जाता? मी दोन दिवस रजा काढतो." भाची म्हणाली, "जाऊ दे रे तिला." तिच्या म्हणण्यामागे तिचा अनुभव होता. १९९८ साली ती नवऱ्यामागून त्याच्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर तिकडे गेली. त्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. गाडी येत नव्हती आणि घराजवळून बस जात नव्हती. दूध संपलं तरी संध्याकाळी नवरा येईपर्यंत थांबायचं. पुण्यात कॉलेजात शिकवणारी मुलगी दोन वर्षं खिडकीत बसून काढते, याला काय म्हणायचं? अशा बायकांपैकी काहींना नोकरीची परवानगी मिळाली ती २०१५ साली.

भाड्याची गाडी घेताना काउंटरवरच्या मुलीने लायसन्स, आंतरराष्ट्रीय परवाना आणि माझ्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागितलं. नवऱ्याचं नाव विचारलं नाही. हे आज सहज वाटतं. पण याच देशात १९७४ साली समान पतसंधीचा कायदा होईपर्यंत बाईला कर्ज किंवा कार्ड देताना नवऱ्याची सही मागितली जाई. तो कायदा बायकांच्या चळवळीने रेटा लावला म्हणून झाला. त्या सकाळी हातात आलेली किल्ली मला त्या बायकांनी दिली होती.

निघाले. स्टिअरिंग डावीकडे, गाडी रस्त्याच्या उजवीकडून. आपल्या गाड्यांत इंडिकेटरचा दांडा उजव्या हाताला, तिकडे तो डाव्या हाताला. सवयीने उजवा दांडा ओढायचे आणि लख्ख उन्हात वायपर फिरायला लागायचे! इंडिकेटर न देता निदान चार वेळा लेन बदलली असेन. न्यू जर्सीत पेट्रोल पंपावर माणूस भरून देतो, स्वतः भरायला कायद्याने बंदी आहे. पेनसिल्व्हेनियात मात्र आपलं आपण भरायचं. पंपावरच्या यंत्राने पिन कोड मागितला आणि माझ्या भारतातल्या कार्डावर ते अडलं. आत जाऊन आधी तीस डॉलर भरले, मग नळी हातात घेतली. टाकीचं झाकण कसं उघडायचं ते शेजारच्या ट्रकवाल्या बाईने दाखवलं.

दुपारपर्यंत एक गोष्ट लक्षात आली. मी पाण्याची अख्खी बाटली संपवली होती. एसटीच्या प्रवासात तुम्ही-आम्ही काय करतो? आदल्या रात्रीपासून घोट मोजतो. इथे ठरावीक अंतराने रेस्ट एरिया लागत होते. स्वच्छ संडास, नळाला पाणी, भिंतीवर नकाशा, भरपूर दिवे, आणि पैसे नाहीत. १९५६ च्या कायद्याने सरकारने हे महामार्ग बांधायला घेतले, त्यात या सोयीही आल्या. आता सांगा, माझं धाडस ते किती आणि सरकारी पैसा किती?

पण हा रस्ता सगळ्यांना सारखा नाही. १९३६ पासून सुमारे तीस वर्षं कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी 'ग्रीन बुक' नावाची पुस्तिका निघत असे. व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या न्यूयॉर्कच्या पोस्टमनने ती काढली. कुठल्या पंपावर, कुठल्या खाणावळीत, कुठल्या लॉजवर आपल्याला हाकलणार नाहीत, याची ती यादी. हा जुना इतिहास झाला असं कुणी म्हणू नये. सँड्रा ब्लँड ही अठ्ठावीस वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी नव्या नोकरीसाठी इलिनॉयहून टेक्ससला आली. १० जुलै २०१५ ला पोलिसाने तिची गाडी अडवली. गुन्हा काय? लेन बदलताना इंडिकेटर दिला नाही. वादावादी झाली, तिला अटक झाली आणि तीन दिवसांनी ती कोठडीत मृतावस्थेत सापडली. तीच चूक मी एका दिवसात चार वेळा केली आणि संध्याकाळी मजेत हसत भाचीला फोनवर सांगितली.

उन्हं कलताना ऑबर्न गाव लागलं. हॅरिएट टबमन या गावात राहिली आणि १९१३ साली इथेच वारली. १८४९ साली ती मेरीलँडमधल्या गुलामगिरीतून एकटी निसटली. बरोबर निघालेले भाऊ घाबरून मागे फिरले होते, त्यामुळे दुसऱ्यांदा निघताना तिने कुणालाच सोबत घेतलं नाही. नंतर पुन्हा पुन्हा परत जाऊन तिने सुमारे सत्तर जणांना सोडवून आणलं. वाटेत तिला लपवणारी, खाऊ घालणारी घरं होती. म्हणजे तिच्या धाडसालाही व्यवस्था लागली, आणि ती माणसांनी मुद्दाम उभी केली होती.

तिथून पंधरा मैलांवर सेनेका फॉल्स. १९ आणि २० जुलै १८४८ ला तिथल्या चर्चमध्ये स्त्रियांच्या हक्कांची परिषद भरली. अडुसष्ट बायका आणि बत्तीस पुरुषांनी जाहीरनाम्यावर सह्या केल्या. लग्न झालेल्या बाईला कायद्याच्या नजरेत अस्तित्वच नाही, तिची मिळकत आणि मजुरीसुद्धा नवऱ्याची, ही त्यातली तक्रार. त्या गावातल्या मोटेलच्या वहीत मी माझं नाव लिहिलं, दिव्याखालची खोली मागितली आणि निवांत झोपले.

म्हणून म्हणते, एकटीच्या प्रवासाला धाडस म्हणणं आता सोडू या. धाडस म्हटलं की ज्या बायका घराबाहेर पडत नाहीत त्या भित्र्या ठरतात, आणि सरकार मोकळं सुटतं. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' मोहिमेने मुतारीचा प्रश्न चव्हाट्यावर आणला, तेव्हा लोक हसले होते. २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट झालं. चांगलंच झालं. पण रात्री साडेनऊला तालुक्याच्या स्टँडवर उतरलेल्या बाईला दिवा आहे का? दार लागेल असा संडास आहे का? आणि ती दलित वस्तीतली, पारधी पालावरची असेल तर चौकीतला पोलीस तिच्याशी कसा बोलतो?

आपापल्या गावच्या स्टँडवर एकदा रात्री जाऊन या आणि काय दिसलं ते लिहून पाठवा. पुढचं निवेदन त्यावरूनच करू.