ज्यूरीतला भारतीय

मायकेल पॉवेल आणि एमेरिक प्रेसबर्गर ह्या जोडीचा 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' (१९४६) आम्ही अलीकडे पुन्हा पाहिला, तो क्रायटेरियनने २०१८ साली काढलेल्या ब्लू-रे तबकडीवर. हा चित्रपट जुन्या, विटक्या प्रतीवर पाहणे म्हणजे न पाहण्यासारखेच होते, असे आता म्हणावेसे वाटते. कारण इथे रंग हा अलंकार नाही, तो कथेचा आधार आहे. पृथ्वी टेक्निकलरमध्ये न्हालेली आहे आणि परलोक मात्र मोतिया करड्या छटेत. सामान्य समजुतीच्या नेमके उलट! परलोकातून आलेला दूत पृथ्वीवर उतरतो तेव्हा त्याच्या कोटावरले फूल हळूहळू रंग धरते. छायालेखक जॅक कार्डिफ ह्यांची ही करामत नव्या ४के पुनरुद्धारात अखेर डोळ्यांना दिसते.

कथा थोडक्यात अशी. २ मे १९४५. जळत्या विमानातला ब्रिटिश वैमानिक पीटर (डेव्हिड निव्हन) रेडिओवरल्या जून ह्या अमेरिकन तरुणीशी (किम हंटर) बोलत बोलत छत्रीशिवाय उडी घेतो. धुक्यात दूताची चुकामूक होते, पीटर वाचतो आणि दोघे प्रेमात पडतात. मग परलोकाच्या हिशेबात एक माणूस कमी भरतो. त्यावर खटला उभा राहतो. हे सारे पीटरच्या दुखावलेल्या मेंदूत घडते की खरोखर, हा प्रश्न चित्रपट अखेरपर्यंत दोन्ही बाजूंनी खुला ठेवतो, आणि ते त्याचे शहाणपण होय. परलोकाकडे जाणारा तो प्रचंड सरकता जिना १०६ पायऱ्यांचा होता आणि तो खरोखर बांधलेला होता, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो.

आमचा विषय खटल्याचा आहे. ब्रिटन आणि अमेरिका ह्यांच्यात सलोखा वाढवणारा चित्रपट काढा, अशी ब्रिटिश माहिती मंत्रालयाची सूचना होती. म्हणून फिर्यादी वकील नेमला तो ब्रिटिश गोळीने मेलेला पहिला अमेरिकन क्रांतिकारक. ज्यूरीत त्याने बसवले इंग्रजांनी दुखावलेल्या देशांचे सहा जण. त्यांत फ्रेंच, बोअर, रशियन, चिनी, आयरिश आणि एक भारतीय. बचावाचा वकील डॉ. रीव्ह्ज हरकत घेतो की हे सारे पूर्वग्रहदूषित आहेत. मग त्यांच्या जागी नाना वंशांचे अमेरिकन नागरिक येतात आणि खटला प्रेमाकडे वळतो.

चित्रपटगृहात हा प्रसंग हसत हसत निघून जातो. घरी मात्र हातात रिमोट असतो. ह्या चित्रपटातला दूत मनात येईल तेव्हा काळ थांबवतो. टेबल टेनिस खेळणारे दोघे असतील तसे गोठतात. आम्हीही तसेच केले. ज्यूरीवर चित्र थांबवले आणि त्या भारतीयाकडे पाहत राहिलो. त्याची तक्रार काय होती, हे कोणी विचारलेले नाही. तक्रार आहे एवढे मान्य झाले, आणि तक्रार आहे म्हणूनच तो न्याय करण्यास अपात्र ठरला. १ नोव्हेंबर १९४६ रोजी, स्वातंत्र्याला वर्षही उरले नसताना, हा चित्रपट लंडनमध्ये राजपरिवारासमोर प्रथम दाखवला गेला, हे ध्यानात घेतले तर ही हातचलाखी अधिकच बोचते.

आणि 'अमेरिकन नागरिक' हा शब्द तरी इतका निर्मळ होता काय? पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात राहिलेल्या भगतसिंग थिंड ह्यांना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली, ते कायद्याच्या अर्थाने 'गोरे' नाहीत म्हणून, नागरिकत्व नाकारले. भारतीयांना ते दार पुन्हा उघडले २ जुलै १९४६ च्या कायद्याने, तेही वर्षाला शंभर जणांच्या प्रवेशापुरते. चित्रीकरण झाले १९४५ च्या उत्तरार्धात. म्हणजे परलोकात निःपक्षपाताचे प्रमाण म्हणून जी ओळख पुढे केली, ती त्या घटकेला आमच्या ज्यूरीबुवांना मागूनही मिळाली नसती.

ह्यावर कोणी म्हणेल, प्रेमकथेकडून एवढा हिशेब कशाला मागता? हिशेब त्या कथेनेच मांडला आहे. इतिहासाला कोर्टात बोलावल्यावर त्याला बाकावरून उठवणे शोभत नाही. तरीही चित्रपट आम्ही टाकून देत नाही. जूनच्या गालावरला अश्रू गुलाबावर टिपून पुरावा म्हणून नेतात, त्या क्षणापुढे आम्ही दर वेळी हरतो.

तबकडीचे म्हणाल तर तिच्यावर 'रीजन ए' असा शिक्का आहे. भारत 'रीजन सी'मध्ये पडतो. इथल्या साध्या यंत्रात ती चालत नाही. आमच्यापैकी एकाने ती परदेशातून आणली आणि सर्व प्रदेशांच्या तबकड्या वाजवणारे यंत्र दुसऱ्याकडून मागून घेतले, तेव्हा कुठे काम झाले. धुक्यात चुकलेल्या एका जिवासाठी परलोकाने एवढी कचेरी हलवली. ब्लू-रेच्या कचेरीत अपील कुठे करायचे, हे मात्र कळले नाही. यंत्र परत करायचे होते म्हणून दुसऱ्या दिवशी खटल्याचा भाग पुन्हा लावला, आणि ह्या खेपेस रिमोट टेबलावरच राहू दिला.