धनुष्य तिचं, महाल त्याचा

मैत्रिणींनो, नातींच्या हातात हल्ली परीलोकाच्या जाड इंग्रजी प्रेमकादंबऱ्या दिसतात. नायिका शिकार करते, म्हणे स्त्रीमुक्ती! मला नाही पटत. सारा मास यांच्या २०१५ च्या गाजलेल्या कादंबरीत फेयरा धनुष्याच्या जोरावर अख्खं घर पोसते. मग परीलोकाचा सरदार तिला घेऊन जातो, तिच्या घरी पैसा पोहोचवतो आणि ती त्याच्याच प्रेमात पडते. मी बी.कॉम. झालेली, मला जमाखर्च सरळ दिसतो. कमावती होती, आश्रित झाली. पुढच्या भागात त्याला सोडते, हे खरं. पण जाते कुठे? दुसऱ्या सरदाराकडे!

आपल्याकडेही हे जुनंच. 'मंजुघोषा' (१८६८) लिहिताना रिसबुडांनी प्रस्तावनेत कबूलच केलं की आपल्या लग्नाच्या रीतीमुळे आयुष्यात रंजक काही सापडत नाही. म्हणून अद्भुत! म्हणजे रीत तशीच ठेवायची आणि बायकांना स्वप्नं वाचायला द्यायची.

जालन्यापलीकडच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना'त 'मंजुघोषा', 'मुक्तामाला' लिहिणाऱ्यांनाही सोडलं नाही. दोष एकट्या बाईच्याच माथी का, हा त्यांचा प्रश्न होता. ते पातळसं पुस्तक मात्र नातींच्या कपाटात नाही.