गमतीत म्हटलं गं!

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या बचत गटातली एकजण नवी साडी नेसून आली. वाण घेता घेता दुसरी पटकन बोलून गेली, "अगंबाई, हप्ता राहिला तरी चालेल, पण साडी हवी हं!" सगळ्या हसल्या. खोटं कशाला बोलू, मीही हसले. तीही हसली, तिळगूळ घेतला आणि निघाली. पुढच्या महिन्याच्या बैठकीला ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

साडी माहेरची होती, हे नंतर कळलं. पण तिनं स्वतः घेतलेली असती, तरी काय? हप्ता थकल्याचं तिनं बैठकीत सांगितलं होतं, ते आम्हा बाराजणींपुरतं. हळदीकुंकवाला तिची जाऊ होती, निम्मी आळी होती.

मैत्रिणींनो, आपला गट चालतो कशावर? 1992 साली नाबार्डने 500 गट बँकांशी जोडायचा प्रयोग सुरू केला, तेव्हा कर्जाला तारण मागायचं नाही, असंच ठरलं होतं. दागिना नाही, सातबारा नाही. दहा-वीस बायका एकमेकींना ओळखतात, हाच भरवसा. "ह्यांचं काम सुटलंय, दोन महिने थांबा," असं जी मोकळेपणी सांगू शकते, तिचा हप्ता आज ना उद्या येतो. तिचं तोंड एकदा मिटलं, की ती गुपचूप सावकाराचं दार गाठते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

म्हणून काय गप्पाच मारायच्या नाहीत? छे! गप्पांशिवाय बायका बैठकीला येतील तरी का? भाजी खारट झाली, झोप लागून वडा करपला, करा की खुशाल चेष्टा! पण विश्वासानं सांगितलेलं चारचौघींत चेष्टेला घ्यायचं आणि वर "गमतीत म्हटलं गं, तू उगाच मनाला लावून घेतेस" म्हणायचं, म्हणजे दुखावलीही तीच आणि चूकही तिचीच!

शेवटी बोलणारीला घेऊन मी तिच्या घरी गेले. चहा झाला. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग तीच म्हणाली, "हप्त्याचं बोललात त्याचं नाही हो ताई. जाऊबाईंसमोर बोललात."

बोलणारी रडली. मला काय बोलावं सुचेना, कारण हसणाऱ्यांत मीही होतेच.

गेल्या बैठकीला ती आली. हप्ता भरला, वहीत सही केली. एरवी सगळ्यांत शेवटी उठणारी, त्या दिवशी मात्र लवकर गेली.