‘शकुंतला’ कुणाची होती, यापेक्षा ती बंद का पडली हे विचारा

व्हॉट्सॲपवर अधूनमधून एक फॉरवर्ड फिरतो. भारतात एक रेल्वे आजही ब्रिटिशांच्या मालकीची आहे आणि तिच्यासाठी आपण दरवर्षी कोटभर रुपये मोजतो, असा. सोबत धूर सोडणाऱ्या इंजिनाचा फोटो. ही रेल्वे म्हणजे विदर्भातली ‘शकुंतला’. फॉरवर्ड करणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसतं की तिच्या रुळांवरून आता गाडीच धावत नाही.

मालकीचं प्रकरण काय?

किलिक निक्सन या कंपनीने 1910 मध्ये सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन केली. यवतमाळ-मूर्तिजापूर 113 किलोमीटर, मूर्तिजापूर-अचलपूर 76 किलोमीटर आणि वर्धा जिल्ह्यात पुलगाव-आर्वी 35 किलोमीटर, असे तिचे मार्ग. उद्देश एकच, वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत पोहोचवणं. 1951 मध्ये बहुतेक रेल्वे कंपन्या सरकारी झाल्या, पण ही मागे राहिली. गाडी चालवायची मध्य रेल्वेने आणि मोबदला जायचा कंपनीला. किलिक निक्सन मात्र स्वातंत्र्यानंतर भारतीय हातांत गेली. त्यामुळे ‘पैसे लंडनला जातात’ ही गोष्ट ऐकायला चटकदार, एवढंच.

खरी अडचण रुळांत

या मार्गाच्या दोन रुळांतलं अंतर 762 मिलिमीटर, तर मुंबई-हावडा मार्गाचं 1676 मिलिमीटर. अरुंद रूळ टाकायला स्वस्त, वळणं तीव्र चालतात, पूल हलके पुरतात. पण मूर्तिजापूरला आलं की नॅरोगेजचा डबा पुढे जाऊ शकत नाही. प्रत्येक गाठ उतरवायची आणि मोठ्या वॅगनमध्ये पुन्हा चढवायची. बैलगाडीशी स्पर्धा होती तोवर हे परवडलं. ट्रक थेट जिनिंगच्या दारात उभा राहू लागल्यावर मालवाहतूक हातची गेली, यात नवल नाही.

उरले प्रवासी. 1921 मध्ये मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत गाडी ओढत होतं, मग डिझेल आलं. वेग फारसा वाढला नाही. अचलपूरहून मूर्तिजापूरला यायला चार तासांच्या आसपास लागायचे. फाटक आलं की गाडी थांबवून कर्मचाऱ्यानेच उतरून ते लावायचं, गाडी पुढे गेली की उघडायचं. तिकीटही गार्डनेच द्यायचं. (लोक तिला ‘शकुंतला एक्स्प्रेस’ म्हणत, हा वऱ्हाडी विनोद की माया, कोण सांगणार!) तरीही शेतमजूर, विद्यार्थी, बाजाराला निघालेल्या बायका तिनेच जायच्या. कारण एसटीच्या तुलनेत भाडं अगदीच किरकोळ होतं. गाडी बंद झाली तेव्हा फटका बसला तो यांना.

मग करायचं काय?

हेरिटेज म्हणून नॅरोगेजच पुन्हा सुरू करा, अशी एक मागणी असते. भावना समजण्यासारखी आहे, पण चार तासांच्या गाडीने अंजनगावच्या मुलाचं कॉलेज गाठलं जाणार नाही. शेजारी मराठवाड्याकडे पाहावं. बार्शी लाइट रेल्वेही नॅरोगेजच होती आणि खासगीही. सरकारने ती 1954 मध्ये विकत घेतली. कुर्डुवाडी-लातूर मार्ग 2008 पर्यंत ब्रॉडगेज झाला आणि आज लातूरकर रात्री गाडीत बसून सकाळी मुंबईत उतरतो. रूळ बदलले म्हणून बार्शीचा इतिहास काही पुसला गेला नाही.

शकुंतलेच्या वाट्याला मात्र घोषणा आणि सर्वेक्षणं आली. 2016 मध्ये रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या काळात ब्रॉडगेजची घोषणा झाली, तेव्हा सुमारे 1500 कोटींचा आकडा सांगितला गेला होता. यवतमाळकडे निदान वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्ग येतो आहे. त्यातला वर्धा-कळंब टप्पा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरूही झाला. अचलपूरकडे असा दुसरा मार्ग नाही. मेळघाटच्या पायथ्याचं, परतवाड्यासारखी मोठी बाजारपेठ लागून असलेलं हे शहर रेल्वेच्या नकाशातून जवळजवळ पुसलं गेलं आहे. म्हणून तीनही मार्गांचा एकत्र प्रस्ताव फायलींत फिरवण्यापेक्षा अचलपूर-मूर्तिजापूर आधी हाती घ्यावा. रुळांची पट्टी आज तरी मोकळी करता येईल. तिच्यावर पक्की घरं उभी राहिली, तर उद्या हाच मार्ग नव्याने भूसंपादन करून बांधावा लागेल आणि तेव्हाचा खर्च आजच्या आकड्यात बसणार नाही.