दिवा लागला की पाकीट काढा?

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. भांडण गाडीशी नाही, त्या पिवळ्या इंजिनाच्या चित्राशीही नाही. ते चित्र बघून निदान झाल्याचा आव आणणाऱ्यांशी आहे. मराठीची बाई आणि गाडीवर लिहायला निघाली, असं ज्यांना वाटेल त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. माझी ३६ वर्षं मुलांच्या सबबी ऐकण्यात गेली आहेत. सबब आणि कारण यांतला फरक मला कळतो.

लाल दिवा म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर तपासून घ्या, हिरवा-निळा म्हणजे नुसती माहिती, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. गडबड आहे पिवळ्यात. इंजिनाच्या चित्राचा हा दिवा मुळात तुमच्या-माझ्या सोयीसाठी आलेला नाही, धुरासाठी आला. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ओबीडी-२ सक्तीचं झालं. आपल्याकडे ओबीडीची पहिली पायरी एप्रिल २०१० मध्ये आली आणि दुसरी एप्रिल २०१३ मध्ये. त्यामुळे स्टीअरिंगखाली १६ पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात स्कॅनर खुपसला की पडद्यावर कोड उमटतो. आणि इथेच आपली मंडळी हात जोडतात, जणू देवाने कौल दिला.

कोड म्हणजे काय? वर्गात बाई नसताना मॉनिटरने फळ्यावर लिहिलेलं नाव. त्याला जो बोलताना दिसला त्याचं नाव त्याने लिहिलं. मागच्या बाकावरून चिमटा कोणी काढला, ते त्याला दिसलंच नाही. बाई आल्या आणि फळा वाचून छडी उगारली, तर त्या बाईंना काय म्हणावं?

पी०१७१ हा कोड घ्या. अर्थ एवढाच, की मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आहे. ही बातमी ऑक्सिजन सेन्सरकडून येते. पण हवा जास्त का? हवेची नळी तडकली असेल, पंपाचा दाब कमी पडत असेल, फिल्टर तुंबला असेल, हवा मोजणारा सेन्सर धुळीने माखला असेल, सायलेन्सरच्या नळीला सेन्सरच्या आधीच भोक असेल. माझ्या पुतण्याच्या गाडीत हाच कोड आला. एका मोठ्या वर्कशॉपने काय केलं? ज्याने बातमी दिली तोच सेन्सर बदलला! बिल झालं, दिवा गेला, आठ दिवसांनी परत आला. मग एका जुन्या मिस्त्रीने बॉनेट उघडलं, एअर फिल्टरच्या पुढची रबरी नळी बोटांनी वाकवून पाहिली, आणि घडीत दडलेली चीर दाखवली. मोजणी झाल्यानंतर हवा चोरवाटेने आत जात होती. सेन्सर बिचारा खरंच बोलत होता.

इलेक्ट्रिकच्या बिघाडात तर हा प्रकार कळसाला जातो. एके दिवशी एबीएस, स्टीअरिंग, इंजिन असे चार दिवे एकदम लागतात. स्कॅनरवर कोडांची रांग. अहो, चार भाग एकाच सकाळी ठरवून मरतात का? चार वर्गांतून एकदम आरडाओरडा आला तर आधी शाळेची वीज गेली का ते बघतात. इथेही आधी बॅटरी बघायची. गाडी रात्रभर उभी असताना भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दाखवायला हवी. तिथे कमी दिसलं तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा, जोडण्या बघा. टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर असेल तर तो आधी साफ करा. मग अर्थिंग. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगायचं. आकडा ०.२-०.३ व्होल्टच्या आत राहिला तर ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थची पट्टी गंजली आहे किंवा सैल आहे. या तपासणीला पाच मिनिटं लागतात. कंट्रोल युनिट बदलण्याचं अंदाजपत्रक त्याआधी हातात देणाऱ्याला मी तरी मेकॅनिक म्हणणार नाही.

आणखी एक खोड. 'काही नाही काकू, दिवा घालवून देतो.' म्हणजे कोड पुसून देतो. बिघाडाच्या क्षणी इंजिन किती फेरे घेत होतं, किती तापलं होतं, ही नोंदही कोडसोबत ठेवलेली असते. कोड पुसला की तीही गेली. हा दिवा घालवणं नव्हे, पंचनामा जाळणं आहे.

यावर वर्कशॉपवाल्यांचं एक म्हणणं असतं आणि ते खोटं नाही. गिऱ्हाईक तपासणीचे ५०० रुपये द्यायला कुरकुर करतं, पण नव्या भागाचे ५,००० मुकाट देतं, कारण भाग डोळ्यांना दिसतो. मान्य. डोक्याचे पैसे द्यायची आपल्याकडे पद्धत नाही, शिकवण्या घेणाऱ्यांना हे मी सांगायला नको. पण म्हणून अंदाजाने भाग बदलायचे? आणि छोट्या मिस्त्रीला दोष देण्याआधी हेही आठवा, की भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, हा ठपका होता. पुढे प्रकरण अपिलात आणि कोर्टांत गेलं. असो. ज्याच्या हातातून पुस्तकच काढून घेतलं, तो पाठ चुकला तर सगळा दोष त्याचा कसा?

तेव्हा नातेवाईक मंडळींनो, मला फोन करण्याआधी एवढं करा. कोड पुसण्यापूर्वी त्याचा फोटो घ्या, पावतीवर लिहून मागा. भाग बदलायचा म्हणाले तर 'कशाने तपासलंत?' एवढंच विचारा आणि गप्प बसा. उत्तर ऐकण्यासारखं असतं. जुना भाग परत मागा.

आणि हो, हे सगळं पिवळ्या दिव्यासाठी. तेलाच्या किटलीचं चित्र लाल झालं तर कोड, फोटो, बाईंचा ब्लॉग सगळं सोडा. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, आणि टो करणाऱ्याला बोलवा.